लिहायचंय, पण बसायचं कुठे आणि कधी?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की लिहिताना तुमचं सगळ्यात जास्त कशामुळे अडतं. वाटलं होतं सुचत नाही, कुणी छापत नाही असं काहीतरी येईल, पण निम्म्याहून जास्त पत्रं आली ती जागा आणि वेळ या दोन गोष्टींबद्दल. त्यातले पाच प्रश्न इथे घेतेय, पत्रं थोडी आटोपशीर केलीत, नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. मी कथा लिहिते, दोन-तीन छापूनही आल्यात. पण घरात टेबल एकच, त्यावर मुलीचा अभ्यास असतो. सगळे झोपले की किचनमध्ये खाली बसून लिहायला घेते तोवर डोळे मिटायला लागतात. स्वतःची खोली नसेल तर लिहिणं जमतच नाही का? नवरा म्हणतो की ज्याला लिहायचंय तो कुठेही लिहितो.

उत्तर : खोली हवी असं तुम्हाला वाटतं त्यात काहीच चुकीचं नाहीये, हे सगळ्यात आधी. कारण आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी लगेच बहिणाबाईंचं नाव घेतं, की बघा, जात्यावर आणि शेतात काम करता करता काव्य झालं, कुठे होती त्यांना खोली. मला हे उदाहरण असं वापरलेलं अजिबात आवडत नाही. जात्यावर हात कामात असतात पण तोंड आणि डोकं मोकळं असतं, वर जात्याची स्वतःची एक लय असते, म्हणून तिथे ओवी सुचते हे खरंच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या संशोधकांनी गावोगाव फिरून बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणजे ही एकट्या-दुकट्या बाईची गोष्ट नव्हतीच. पण ओवी छोटी असते, ती तोंडात राहते, एकीकडून दुसरीकडे जाते. बारा पानांची कथा, त्यातली चार माणसं, कोण कुणाशी काय बोललं, हे भाकऱ्या थापताना डोक्यात धरून ठेवता येत नाही हो. आणि बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलाने आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून ती गाणी आज आपल्याकडे आहेत, पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. जे कुणी टिपलंच नाही ते किती असेल याचा विचार केला की मला अजूनही वाईट वाटतं. तेव्हा ‘कुठेही लिहिता येतं’ म्हणणाऱ्यांना हेही सांगायला हवं की कुठेही केलेलं बरंचसं हरवतंही.

आता खोलीबद्दल. इंग्लिश लेखिका व्हर्जिनिया वूल्फचं ते १९२९ चं म्हणणं सगळ्यांना माहीत असतं, की बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली हवी. पण त्याच पुस्तकात वर्षाचे पाचशे पौंड आहेत आणि खोलीच्या दाराला कुलूप आहे, आणि ते दोन्ही आपण सांगताना गाळतो. माझ्या मते खरी गोष्ट त्या कुलपात आहे. जागा किती स्क्वेअर फूट आहे याच्यापेक्षा तिथे बसल्यावर तुम्हाला कुणी हाक मारणार नाही याची खात्री आहे का, हे मी आधी बघेन. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन न्यूयॉर्कमध्ये प्रकाशन संस्थेत नोकरी करायची, दोन मुलगे एकटीने वाढवत होती, आणि ती पहाटे अंधारात लिहायची. का, तर मुलं उठून ‘ममा’ म्हणायच्या आतला तेवढाच वेळ तिचा होता, असं तिनेच मुलाखतीत सांगितलंय. जेन ऑस्टिनकडे इंग्लंडमधल्या चॉटन गावच्या घरात एक चिमुकलं टेबल होतं, तेही सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीत. तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय की तिथलं एक दार करकरायचं आणि ती ते दुरुस्त करू द्यायची नाही, कारण कुणी येतंय हे आधी कळायचं आणि कागद झाकून ठेवता यायचे. म्हणजे एवढी मोठी लेखिका आणि तिचं अर्धं लक्ष कायम दाराकडे. आपल्या घरात तर दार वाजतही नाही, थेट ‘अगं, माझा चष्मा कुठाय’ येतं, आणि एकदा ते आलं की कथेतलं वाक्य गेलं. उत्तर द्यायला दहा सेकंदं लागतात पण परत तिथे पोचायला वीस मिनिटं.

म्हणून मी तुम्हाला सांगेन की या वर्षी मुलीच्या दहावीचा फायदा घ्या. दहावीचं वर्ष असलं की मराठी घराला शांत कसं राहायचं ते बरोबर जमतं, टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना फोनवरच सांगितलं जातं, अभ्यासाला बसलेल्या मुलीला कुणी पाणी आण म्हणत नाही. तुम्ही तिच्यासमोर, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा, ती गणितं सोडवतेय तोवर तुम्ही कथा लिहा. आणि घरात स्पष्ट सांगा की आठ ते पावणेनऊ आम्हा दोघींनाही हाक मारायची नाही. जेवण आधी होऊ दे नाहीतर नंतर होऊ दे, पण त्या वेळात गॅसकडे नवरा बघेल. हे विनंती म्हणून सांगू नका, मुलीच्या क्लासची वेळ जशी सांगता तसं सांगा. पहिल्या आठवड्यात सगळे विसरतील, तरी उठू नका. दहावी संपली तरी ही वेळ सोडायची नाही, तीच तर तुमची कमाई आहे. आणि रात्री सगळ्यांनंतर उरलेल्या ताकदीवर लिहिणं बंद करा, ते लिखाण दमलेलं होतं आणि मग तुम्हालाच वाटायला लागतं की आपल्याला जमत नाही.

प्रश्न : मी हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम. कादंबरीचे चार चॅप्टर झालेत आणि वर्षभर तिथेच अडकलोय. चांगलं डेस्क घेतलं, खुर्ची घेतली, लॅम्प घेतला. पण ऑफिसचा लॅपटॉप बंद करून माझी फाइल उघडली की डोकं बधिर होतं. रूटीन बदलू का जागा?

उत्तर : डेस्क, खुर्ची चांगली आहे, पाठ वाचेल. पण ते डेस्क आता ऑफिसचं झालंय, त्यावर बसलं की तुमच्या डोक्याला ऑफिसच्या कामांची तिकिटं आणि कॉल आठवतात. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्यावर गेला की लक्षाचा एक हिस्सा पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्यामुळे खराब होतं. तुमचं तेच होतंय, फाइल कादंबरीची उघडलीय पण आत अजून साडेपाचचा कॉल चालू आहे.

काफ्का या लेखकाचं बघा, तो प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, सकाळी आठ ते दुपारी दोन. घर आईवडिलांचं, त्याची खोली म्हणजे हॉल आणि आईवडिलांच्या बेडरूमच्या मधली, सगळ्यांची ये-जा त्यातूनच, आणि त्या गोंगाटावर त्याने एक छोटासा लेखही लिहून छापला होता. मग तो काय करायचा तर ऑफिसमधून आला की जेवून झोपायचा, उठून व्यायाम, फिरणं, घरच्यांबरोबर जेवण, आणि रात्री साडेदहा-अकरानंतर लिहायला बसायचा. तब्येतीची त्याने वाट लावली, ते अनुकरण करू नका. पण ऑफिस आणि लिखाण यांच्यामध्ये त्याने जी झोप आणि चालणं घातलं होतं ना, तेवढं घ्या. घरून काम करताना आपली ही मधली जागाच गेलीय. पूर्वी कंपनीच्या बसमधला तास वैताग होता पण त्या तासात दिवस उतरायचा तरी.

तेव्हा लॅपटॉप मिटला की चपला घालून बाहेर पडा, वीस-पंचवीस मिनिटं चाला, फोन घरी ठेवून. स्टॅनफर्डमध्ये २०१४ मध्ये ओपेझो आणि श्वार्त्झ यांनी लोकांना बसून आणि चालून अशा दोन्ही प्रकारे वेगवेगळ्या कल्पना सुचवायला लावल्या, तर चालताना सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या, आणि मजा म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरी फरक पडत होता, आणि चालून येऊन बसल्यावरही तो थोडा वेळ टिकत होता. मात्र ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं त्यात चालण्याचा फायदा झाला नाही. त्यामुळे पुढच्या चॅप्टरमध्ये काय होईल हे चालताना शोधा, वाक्यं दुरुस्त करणं बसून करा.

दुसरं म्हणजे ट्रोलोप. इंग्लंडच्या पोस्ट खात्यात मोठा अधिकारी, नोकरी सांभाळून ढीगभर कादंबऱ्या लिहिणारा. पहाटे साडेपाचला टेबलावर. उठवायला आणि कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर, त्याला त्यासाठी वर्षाला पाच पौंड वेगळे. पहिला अर्धा तास कालचं लिहिलेलं वाचायचं आणि मग समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत २५० शब्द. त्याने हे आत्मचरित्रात उघड लिहिलं, ते त्याच्या पश्चात १८८३ मध्ये आलं आणि बऱ्याच लोकांना रुचलं नाही, कारण लेखक म्हणजे प्रतिभेची वाट बघणारा असंच लोकांना वाटत होतं. २५० चा आकडा सोडून द्या, मराठी कादंबरीला पंधरा मिनिटांत शंभर शब्दही पुष्कळ आहेत. त्याचा तो पहिला अर्धा तास मात्र सोन्यासारखा आहे. कालचं वाचायचं, त्याच आवाजात शिरायचं, मग पुढे.

आणि महिनाभर लॅपटॉपवर लिहूच नका. दोनशे पानी वही घ्या, आणि त्या डेस्कवर बसू नका, खिडकीत बसा, गच्चीत बसा. जागा आणि साधन दोन्ही वेगळं झालं की फरक पडतो का ते बघा.

प्रश्न : ताई मी पुण्यात एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. कविता लिहितो. अभ्यासिकेत एवढी शांतता असते तरी तिथे एक ओळ सुचत नाही आणि खाली चहाच्या टपरीवर गाड्यांच्या आवाजात पटापट सुचतं. मित्र म्हणतात हे टाइमपास आहे. खरंच असं असतं का?

उत्तर : असतं रे, आणि टाइमपास नाहीये. अभ्यासिकेतल्या शांततेत शेजारचा पोरगा पान उलटतो तेही ऐकू येतं आणि प्रत्येक जण शर्यतीत आहे हे जाणवत राहतं, तिथे कविता कशी येईल. रवी मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१२ चं संशोधन आहे, त्यात मध्यम आवाजात, म्हणजे साधारण ७० डेसिबल, भरलेल्या हॉटेलात असतो तसा, लोकांना जास्त वेगळ्या कल्पना सुचल्या, ५० डेसिबलच्या शांततेत कमी आणि ८५ च्या गोंगाटातही कमीच. एका संशोधनावर आयुष्य लावू नये, पण तुझा अनुभव त्याच्याशी जुळतोय.

आणि आपल्याकडे अरुण कोलटकर आहेतच. जाहिरातीच्या धंद्यात नाव कमावलेला माणूस आणि बसायचा मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात, खिडकीतून समोरचा चौक बघत, आणि त्या चौकातली कुत्री, कचरा वेचणाऱ्या बाया, फुटपाथवर इडली खाणारी माणसं, सगळी त्याच्या इंग्रजी कवितांमध्ये आली, पुस्तक २००४ ला निघालं. ती जागा नुसती बसायची नव्हती, समोर जे दिसत होतं तेच लिखाणाचा विषय होतं. तू टपरीवर काय बघतोस ते एकदा विचार करून बघ.

बरं, याच्या उलटही आहे, दुर्गा भागवत वर्षानुवर्षं एशियाटिकच्या लायब्ररीत बसून काम करायच्या. त्यांना जे लिहायचं होतं त्याला पुस्तकांचा ढीग आणि शांतता लागत होती. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहीत होते, ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला तेव्हाही घर तेच. त्यांना काही झोपडपट्टी सुचायला बरी पडते म्हणून ते तिथे राहत नव्हते, गरिबी होती म्हणून राहत होते, आणि गरिबीतच चांगलं लिखाण होतं असं कुणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस. घर धड असतं तर त्यांच्या हातून अजून किती झालं असतं असंच मला वाटतं.

तू टपरीवर ओळी टिपून घे आणि कविता पक्की करायला संध्याकाळी कुठेतरी शांत बस. परीक्षेच्या आधीचे दोन महिने फक्त टिपून ठेव, पक्कं करू नकोस.

प्रश्न : तीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात शिक्षक होतो. नोकरीत असताना वर्षाला तीन-चार कथा लिहून दिवाळी अंकांना पाठवायचो. आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली, मुलाने वरची खोली मला लिहायला दिली, पूर्ण दिवस मोकळा, आणि एक कथा पूर्ण झालेली नाही. काय बिघडलं असेल?

उत्तर : सर, असं बऱ्याच जणांचं होतं, पण बोलतात कमी जण. नोकरीत असताना तुमच्या दिवसाला कडा होत्या, शाळेआधीचा तास नाहीतर सुट्टीचा रविवार, आणि तेवढ्यातच उरकायचं म्हणून तुम्ही बसायचा. आता दिवसभरात कधीही बसता येतं, त्यामुळे पेपर होतो, बँक होते, नातवाला आणणं होतं आणि लिहिणं संध्याकाळवर जातं. जपानचा मुराकामी पूर्णवेळ लेखक आहे, त्याला कुठे जायचं नसतं, तरी कादंबरी चालू असली की पहाटे चारला उठून पाच-सहा तास लिहितो, मग धावतो किंवा पोहतो आणि रात्री नऊला झोपतो, रोज तेच. मोकळ्या दिवसाला तो स्वतः शाळेचं वेळापत्रक लावतो म्हणा ना. तुम्ही तर वेळापत्रक लावण्यात तीस वर्षं घालवलीत. सकाळी अकराला शाळा भरते तशी तुमची खोली साडेसहाला भरू द्या आणि साडेआठला सुटू द्या, त्यानंतर वर थांबायचंच नाही. हेमिंग्वे म्हणायचा की पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबावं, ते तुम्हाला फार उपयोगी पडेल, कारण दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

पण मला दुसरंही एक सांगायचंय. तुमच्या कथांचा कच्चा माल शाळेत होता. पोरं, पालक, स्टाफरूम, एसटीतला प्रवास. खोली मिळाली आणि माल येणं बंद झालं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत पेन्सिलीने गीतारहस्य लिहिलं, साने गुरुजींनी १९३३ ला नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली, आणि लोक म्हणतात बघा, एकांत मिळाला की कसं भराभर होतं. अहो पण गीतेवर टिळकांचा विचार कितीतरी वर्षं आधीपासून चालला होता आणि गुरुजींच्या तर त्या लहानपणापासूनच्या आठवणी. एकांताने फक्त ते बाहेर यायला वेळ दिला. तुमच्याकडे जे साठलंय ते लिहा, ते पुष्कळ असणार, आणि दुपारी त्या खोलीत बसू नका. बाजारात जा, जुन्या गावी जा, एसटीने जा. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत कोकण लिहीत राहिले, माणूस जागेपासून लांब असला तरी ती जागा त्याच्यात असते, पण मधूनमधून तिला खायला घालावं लागतं.

दिवाळी अंकांना कथा जुलै-ऑगस्टपर्यंत जायला लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. ती तारीख पूर्वीसारखी भिंतीवर लावा आणि संपादकांना आत्ताच कळवून टाका की कथा पाठवतोय.

प्रश्न : मी नागपूरला सरकारी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. सगळे सांगतात रोज एकाच वेळी लिहा. माझी ड्युटी कधी सकाळ, कधी दुपार, कधी नाइट. मग माझ्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर : घड्याळाची वेळ सोडून द्या, ती तुमच्या हातात नाहीये. त्याऐवजी लिहिणं एखाद्या अशा गोष्टीला बांधा जी कुठल्याही शिफ्टमध्ये होतेच. ड्युटीवरून आलं, आंघोळ झाली, चहा घेतला, की तिथेच पंधरा मिनिटं. मग ते सकाळचे नऊ असोत नाहीतर रात्रीचे दहा. शरीराला वेळ कळत नसली तरी आंघोळ, चहा, वही हा क्रम कळतो, आणि काही आठवड्यांनी चहाचा कप हातात आला की वाक्य यायला लागतं. अमेरिकन लेखिका माया अँजेलो राहत्या गावातच हॉटेलात खोली घ्यायची आणि भिंतीवरची चित्रं काढून टाकायला सांगायची, आत शब्दकोश, बायबल, पत्त्यांचा जोड असलं मोजकंच सामान. आपल्याला हॉटेलची खोली परवडणार नाही, पण दरवेळी त्याच चार वस्तू समोर ठेवायच्या हे परवडतं. वही, पेन, कप, आणि कानात घालायचे ते कापसाचे बोळे. एका पिशवीत ठेवा, हॉस्टेलला असा, घरी असा, पिशवी उघडली की बसायचं.

नाइटच्या आठवड्यात नवीन काही लिहायला जाऊ नका. त्या दिवसांत आधीचं वाचा, एखादं वाक्य बदला, नाहीतर येताना रिक्षात फोनवर बोलून ठेवा, आता मराठी बोललेलं टाइप होतं आणि चुका नंतर काढता येतात. नाइट संपून झोप पूर्ण झाली की जो पहिला दिवस मिळतो तो तुमचा सगळ्यात चांगला दिवस असतो, त्या दिवशी कपडे धुणं आणि बाजार दुपारनंतर.

आणि वॉर्डमधलं लिहीत असाल तर, लिहीत असालच, तर पेशंटचं खरं नाव, गाव, बेड नंबर वहीतसुद्धा उतरवू नका, पहिल्या ओळीपासूनच बदललेलं नाव वापरा. तुमच्या पत्रासोबत आलेली अडीच पानं मी वाचली. पुढचं पाठवा, अपुरं असलं तरी चालेल.